मिरची, चटणी आणि ठसका : डंकावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचा मिरची कांडायचा डंक, म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र, आहे. आधी सासूबाई बघायच्या, आता मी बघते. फेब्रुवारी संपत आला की दारात पिशव्यांची रांग लागते ती वळीव येईपर्यंत. रांगेतल्या माणसाला वेळच वेळ असतो, त्यामुळे प्रश्नही भरपूर. आवाजात ओरडून उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

एक आधीच सांगते. आमच्याकडे ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण घालून केलेलं वर्षाचं तिखट. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी खोबऱ्याची चटणी समजून चमचाभर तोंडात टाकल्याचे प्रसंग आमच्याच घरात घडलेले आहेत.

मिरची जेवढी लाल तेवढी तिखट, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रंग वेगळ्या द्रव्याचा आणि तिखटपणा वेगळ्या द्रव्याचा. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिनमुळे येतो, जिभेला चटका देतं ते कॅप्सेसिन. एक भरपूर आणि दुसरं बेताचं, अशी मिरची असू शकते. ब्याडगी तशीच आहे. उलट लवंगी किंवा तेजा घातलेला रस्सा दिसायला ब्याडगीच्या रश्शापुढे फिका दिसेल, पण पहिल्याच घासाला कानातून धूर काढेल. त्यामुळे दुकानात ‘लालभडक द्या’ म्हणायचं आणि घरी येऊन ‘तिखटच नाही’ म्हणून नाक मुरडायचं, यात दुकानदाराची चूक नसते. रंगाला एक मिरची, तिखटाला दुसरी आणि चवीला तिसरी. घरच्या चटणीचा सगळा हिशेब एवढाच आहे.

ब्याडगी ओळखायची कशी?

हातात घेऊन. खरी ब्याडगी गडद लाल असते, अगदी काळपटाकडे झुकणारी, आणि तिच्या अंगावर सुरकुत्या असतात. म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या पाठीसारख्या. लांब, बारीक, कमी बियांची ती ‘कड्डी’. आखूड, फुगीर, जास्त बियांची ती ‘डब्बी’. डब्बीचा रंग आणखी चढतो. ही नावं कानडी. ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव, तिथली बाजारपेठ मोठी म्हणून मिरचीला गावाचं नाव पडलं. २०११ साली ब्याडगी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मात्र ब्याडगीसारख्या दिसणाऱ्या संकरित मिरच्या बाजारात भरपूर आहेत. सुरकुत्या कमी, अंग जरा गुळगुळीत, तिखटपणा थोडा वेगळा. त्या वाईट नाहीत, पण ब्याडगीच्या भावात घेऊ नका.

घेताना तीन गोष्टी करा. एक, मिरची कानाशी धरून हलवा. नीट वाळलेली असेल तर आत बिया खुळखुळतात. दोन, मधोमध मोडा. ‘कट’ असा आवाज होऊन तुटली तर ठीक. चामड्यासारखी नुसती वाकली तर ती ओली आहे. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेल्या मिरचीचीही हीच गत. तीन, पोत्याच्या तोंडावरचा माल बघून खूश होऊ नका, कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढा. पांढरे डाग पडलेल्या मिरच्या किती निघतात ते तिथे कळतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका वर्षी मी एका व्यापाऱ्याकडून फोनवरच दोन पोती मागवली. माल आला तो इतका चकचकीत की शेजारणी बघायला आल्या. मी देठ खुडायला बसले तर बोटं तेलकट. चकाकी यावी म्हणून तेलाचा हात फिरवलेला होता, आणि खालच्या थरात मागच्या हंगामाची विटलेली मिरची. तेव्हापासून फोनवर फक्त भाव विचारते.

संकेश्वरी, लवंगी, गुंटूर, तेजा यांत फरक काय?

संकेश्वरी लांब, सडपातळ, रंगाला लाल पण किंचित केशरी झाक असलेली. कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावरचं संकेश्वर हे तिचं नावाचं गाव. गडहिंग्लज भागातही ती होते. तिखट आहेच, पण तिची खरी किंमत वासाला. चटणीची बरणी उघडल्यावर जो घमघमाट येतो त्यात तिचा वाटा मोठा. अस्सल मिळणं मात्र दिवसेंदिवस अवघड झालंय आणि भाव ऐकून गिऱ्हाईक खाली बसतं.

लवंगी बोटाच्या दोन पेरांएवढी, बारीक, टोकदार. तिखटासाठीच घ्यायची. गुंटूर आंध्रातली, सालीला जाड, अंगाला गुळगुळीत, चांगली तिखट. तेजा तिच्याच मुलखातली पण बारीक आणि गुंटूरपेक्षा बरीच जहाल. ‘यंदा तिखटच पाहिजे’ म्हणून कुणी एकटी तेजा घेऊन आलं तर मी आधी विचारते, घरात लहान पोरं किती आहेत?

आणि काश्मिरी?

रंगाची मिरची, ब्याडगीच्याच कुळातली समजा. आपल्याकडे ‘काश्मिरी’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा ब्याडगीच असतं. जिला जे नाव तिला तो भाव.

वर्षाच्या चटणीला कुठली मिरची किती घ्यायची?

घरोघरी वेगळं, आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. आमच्या घरचं सांगते. एक किलो मिरचीत ५०० ग्रॅम ब्याडगी, ३०० ग्रॅम संकेश्वरी, २०० ग्रॅम लवंगी किंवा गुंटूर. जास्त तिखट खाणाऱ्यांनी ब्याडगी शंभर ग्रॅमने कमी करून लवंगी वाढवावी, त्याहून पुढे जाऊ नये.

या एक किलोला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, १०० ग्रॅम पांढरे तीळ. मीठ साधारण २०० ग्रॅम. खडा मसाला सगळा मिळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम : जिरं, शहाजिरं, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, दगडफूल, तमालपत्र, नाकेश्वर, जायपत्री. वर हळकुंडं आणि हिंगाचे खडे. हळकुंड सांगलीत राहून बाहेरून आणायची काही गरज नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं आहे, गणपती पेठेत फेरी मारली तरी हवं तसं मिळतं.

मिरच्या देठ काढून दोन दिवस कडक उन्हात घाला. कांदा उभा चिरून एक दिवस वाळवा, मग तेलात चांगला तांबूस कुरकुरीत तळा. कांद्यात पाणी राहिलं तर सगळ्या कष्टावर पाणी. मसाले एकेक करून मंद आंचेवर भाजा. सगळे एकदम कढईत टाकले की तीळ जळतात आणि हळकुंड कच्चं राहतं.

डंकात आधी मिरची कुटतो, मग खडा मसाला, आणि चाळून झाल्यावर शेवटी कांदा-लसूण-खोबरं. ओलसर-तेलकट जिन्नस आधी पडले तर सगळ्याचा गोळा होतो आणि चाळण बसते.

डंक कशाला, गिरणीतून दळून आणलं तर?

चालतं, पण गिरणीच्या दगडात पीठ तापतं. तापलं की वास उडतो, रंगही मंदावतो. डंकात लोखंडी मुसळं वरून पडतात, कुटलेलं जरा रवाळ राहतं. कूटही कोमट होतंच, म्हणून घरी नेल्यावर लगेच बरणीत भरू नका. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. मी डंकवाली, माझं मत डंकाच्या बाजूनं असणार हे उघड आहे. शंका असेल तर पाव किलो दोन्हीकडे करून बघा.

बिया काढल्या की तिखटपणा जातो ना?

सगळे असंच समजतात. कॅप्सेसिन तयार होतं ते आतल्या पांढुरक्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बिया तिला लगटून असतात म्हणून त्यांनाही तिखट लागतं, एवढंच. हिरवी मिरची उभी चिरा, चमच्याच्या टोकानं ती पांढरी शीर खरवडून काढा आणि मग चाखून बघा. नुसत्या बिया झटकल्या नि शीर तशीच ठेवली तर फार फरक पडत नाही.

सुक्या मिरचीच्या बिया चटणीत किती ठेवायच्या हा वेगळा मुद्दा. बिया जास्त झाल्या की कुटलेल्याचा रंग फिका पडतो. म्हणून खुडताना परातीत सांडलेल्या बिया आम्ही सगळ्याच परत घालत नाही.

मिरचीचा तिखटपणा मोजतात म्हणे. कसा?

१९१२ साली विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं ही पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. जितकं पातळ करावं लागलं तितका आकडा. आता हे काम प्रयोगशाळेतली यंत्रं करतात, पण एककाला नाव त्याचंच. ब्याडगी साधारण ८ ते १५ हजारांत, गुंटूर ३५-४० हजारांच्या घरात, तेजा पाऊण लाखाच्या पुढे. आसाम-नागालँडकडच्या भूत जोलोकियानं दहा लाखांचा आकडा ओलांडला आणि २००७ साली गिनीज बुकात गेली. सध्या विक्रम ‘पेपर एक्स’ या अमेरिकेत तयार केलेल्या मिरचीचा आहे, सुमारे २६ लाख ९३ हजार, २०२३ सालचा.

हे ऐकून दरवर्षी कुणीतरी तरुण पोरगा ‘काकू, भूत जोलोकिया कुटून द्याल का’ विचारतो. देणार नाही. तिच्यामागून येणाऱ्या मावशींच्या साध्या चटणीत तिचा अंश उतरेल, आणि मी इथे बसून दिवसभर खोकेन ते वेगळंच.

मिरची मूळची आपलीच ना?

नाही, अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत गोव्याकडून आली. त्याआधी आपल्या जेवणात तिखट म्हणजे मिरी, आणि ‘मिरची’ हा शब्दही तिच्याच नावावरून आलेला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आली असंल. पण खर्डा तर आपलाच.”

हिरव्या मिरच्यांत तिखट कुठली, हे न चाखता कसं कळणार?

ढोबळ नियम असा की जेवढी बारीक, टोकदार आणि गडद, तेवढी तिखट. जेवढी जाड आणि पोपटी, तेवढी सौम्य. ढब्बू मिरची तर तिखट नसतेच. ज्वाला लांब, पातळ सालीची, थोडी वाकडी, टोकाला सुरकुतलेली, चांगली तिखट. मंडईत भाजीवालीला ‘काळी द्या’ म्हटलं की गडद हिरवी तिखट मिरची मिळते, ‘पोपटी द्या’ म्हटलं की भज्यांची.

पण नियमाला मिरची बांधलेली नाही. एकाच झाडाच्या दोन मिरच्या वेगळ्या निघतात. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची तिखट होते. माण-खटावकडची उन्हाळ्यातली मिरची आणि कृष्णाकाठची भर पावसातली मिरची शेजारी ठेवून खाल्लीत तर वेगळं सांगावं लागणार नाही. पिशवी घरी आणली की एक मिरची देठाजवळ मोडा आणि तिथलाच कण जिभेला लावा. टोकाकडून चाखू नका, टोक बहुतेक वेळा गरीब असतं.

खर्डा आणि ठेचा एकच का?

भांडण लावायचंय का? आमच्याकडे खर्डा तव्यावरचा. पंधरा-वीस काळ्या मिरच्या, देठ काढून, मधे मोडून. मोडायचं विसरू नका. अख्खी मिरची गरम तेलात फुगून फुटते आणि तेल तोंडावर उडतं. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, त्यात मिरच्या आणि आठ-दहा लसणाच्या पाकळ्या सालासकट. मिरच्यांवर पांढरट-काळे फोड आले की मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि जाडं मीठ. मग गॅस बंद करून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचं. अर्धवट, ओबडधोबड. मिक्सरमधून काढलात तर हिरवी पेस्ट होईल, खर्डा होणार नाही. ज्वारीची भाकरी, दही आणि फोडलेला कांदा असला की पुरे.

मिरच्या परतताना खाट, म्हणजे ठसका लावणारा धूर, उठतो, आणि शेजारच्या इमारतीतून शिंका ऐकू येतात. आधी खिडकी उघडा. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना बाहेर पाठवूनच तवा ठेवा.

रश्शावर कट येत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोन गोष्टी : तेल कमी आणि घाई. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. त्यामुळे चटणी तेलात पडली पाहिजे. पण धूर निघणाऱ्या तेलात पडली तर क्षणात करपते, कडू लागते आणि रंग तपकिरी होतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, आंच मंद करा, चटणी घाला, चार वेळा हलवा आणि लगेच गरम पाणी ओता. गार पाणी ओतलं तर कट बसतो. मग मंद उकळी, दहा मिनिटं. वर तांबडं तेल तरंगायला लागलं की झालं. कराडकडच्या ढाब्यांवरच्या अख्ख्या मसुरालाही याच रीतीनं रंग येतो.

भाजी फारच तिखट झाली तर?

पाणी घालून फायदा नाही, पातळ तिखट भाजी होते. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, साय किंवा उकडलेला बटाटा. साखर चिमूटभरच.

तोंड भाजलं तर पाणी का पुरत नाही?

पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, ते तोंडभर पसरतं. दूध, दही, ताक घ्या. दुधातल्या केसीन या प्रथिनामुळे आणि स्निग्धांशामुळे ते जिभेवरून सुटतं. तिखट ही खरं तर चव नाही, भाजल्याची जाणीव आहे. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणाऱ्या संवेदकालाच कॅप्सेसिन चेतवतं. तो संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे जीभ भाजलेली नसते, पण तिला तसं वाटत असतं.

हातांची आग होत असेल तर आधी खोबरेल किंवा गोडं तेल चोळा, मग साबणानं धुवा. नुसतं पाणी चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर स्वच्छ पाणीच मारायचं, आणि आग थांबली नाही तर डॉक्टर.

पोपट मिरची कसा काय खातो?

आजीबरोबर आलेल्या एका छोटीनं विचारलं होतं. पक्ष्यांमधला तो संवेदक कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळे पोपटाला मिरची तिखट लागतच नाही. पक्षी मिरची खातात आणि बिया दूरवर टाकतात, झाडाचं काम होतं.

तयार पूड घेतली तर भेसळ कशी ओळखायची?

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वर चिमूटभर पूड भुरभुरवा, ढवळू नका. पाण्यात रंगाच्या रेघा झरझर खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असण्याचा संशय घ्या. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळा : खरखरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू, साबणासारखा बुळबुळीत लागला तर शंखजिरं. तेलात विरघळणारे घातक रंग मात्र या परीक्षेत सापडत नाहीत, ते प्रयोगशाळेतच कळतात. म्हणून अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर कुटून घ्यावी, असं मी म्हणते. हो, परत डंकाची जाहिरात.

चटणीला बुरशी आली, काढून टाकून बाकीची वापरू का?

नको. मिरचीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होऊ शकतं, आणि ते वरचा थर काढून जात नाही. जीव तुटतो, कळतं मला, पण टाका.

बुरशी येते ओलीनं. ओली मिरची, कच्चा कांदा, ओला चमचा. चिनी मातीची किंवा काचेची बरणी उन्हात तापवून गार करा, तळाशी हिंगाचा खडा, चटणी दाबून भरा म्हणजे मधे हवा राहत नाही, वर परत हिंग आणि मीठ, मग तोंडाला कापड बांधून झाकण. बरणी अंधारात ठेवा, उजेडानं रंग विटतो. रोजच्या वापराला छोटा डबा वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बरणी उघडायची वेळच येऊ देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवली तर रंग छान टिकतो, सासूबाईंना ते पटत नसलं तरी.

सांडगी मिरचीला कुठली मिरची?

पोपटी, जाड सालीची, कमी तिखट. एका बाजूनं चीर देऊन धणे-मेथी-हिंग-हळद-मिठाचं सारण भरा, रात्रभर आंबट ताकात ठेवा, दिवसा उन्हात, रात्री परत ताकात, ताक संपेपर्यंत. मग खडखडीत वाळवा. तळून दहीबुत्तीबरोबर. आमच्या मिरजेच्या पाहुण्यांकडे पंगतीत भाताआधी सांडगी मिरची संपते.

डंकावर येताना काय आणू?

मिरची देठ खुडून आणि वाळवून आणा. इथे खुडत बसायला जागा नाही. मसाले भाजून, वेगवेगळ्या पुड्यांत. कांदा-लसूण-खोबरं वेगळ्या डब्यात. नेण्यासाठी कोरडा डबा, पिशवीत चटणी नेली तर तेल फुटतं. तोंडाला बांधायला ओढणी किंवा रुमाल. सकाळी लवकर या, एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर नंबर लागत नाही. चष्मा असेल तर असू द्या, उपयोगी पडतो. आणि त्या दिवशी लेन्स घालून येऊ नका. गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या, त्यांची चटणी तयार होईपर्यंत त्या बाहेर नळाखालीच होत्या.